आइसलँड सहलीबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. "पावणेतीन लाख घेऊन अंधार दाखवला, काळ्या किनाऱ्यावरून गाईडने दहा मिनिटांत गाडी वळवली, रात्री ऑफिसचा फोन कोणी उचलत नाही, एजंटने फसवलं." वर एकच स्टार.

आधी माफी मागते. ऑरोराची, म्हणजे रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशाचे पट्टे बघायची, फेरी ढगांमुळे रद्द झाली तेव्हा तिथे रात्रीचे दहा वाजले होते, इथे दादरला पहाटेचे साडेतीन. तुमचे तीन मिस्ड कॉल मी सकाळी सात वाजता पाहिले. माणसं सहलीवर असताना फोन माझ्या उशाशीच असायला हवा होता. चूक माझी आहे.

पण अंधाराबद्दल मला बोलायलाच हवं, कारण ते वाचून काल झोप लागली नाही. दक्षिण किनाऱ्याचा तुमचा दिवस 21 डिसेंबरचा होता. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. राजधानी रेक्याविकला त्या दिवशी सूर्य साधारण 11:20 ला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. जेमतेम चार तास उजेड. तारखा तुमच्या सहा जणांच्या सुट्टीप्रमाणे ठरल्या, आणि हे सगळं मी बुकिंगच्या वेळी ऑफिसात समोर बसवून सांगितलं होतं. म्हणून तर निघायची वेळ सकाळी आठची ठेवली होती. रेक्याविक ते दक्षिण किनाऱ्यावरचं विक गाव साधारण 185 किलोमीटर, हिवाळ्यात रस्ता बर्फाचा. काळोखात अंतर कापायचं आणि उजेडात बघायचं, एवढा साधा हिशेब. साडेदहाच्या सुमाराला झुंजुमुंजू असताना सेल्यालँड्सफॉस धबधबा, मग स्कोगाफॉस धबधबा, आणि एक वाजता भर उजेडात रेनिसफ्यारा, म्हणजे तो काळा किनारा.

सर, गाडी निघाली 9:20 ला. गाईड आठला पाच कमी असल्यापासून हॉटेलच्या दारात उभा होता. 8:40 ला त्याने मला फोन केला. इथे दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, मी डबा उघडला होता, तो तसाच ठेवून तुमच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो अजून तिथे आहे. आदल्या रात्री फेरी रद्द झाल्यावर तुम्ही सगळे आपापले बाहेर पडलात आणि तीनला परतलात, हे तुमच्याच फोटोंवरून कळलं. सुट्टीवर गेलेल्या मित्रांनी जागावं, त्यात गैर काहीच नाही. पण चार तासांच्या दिवसात 80 मिनिटं म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

तरीही गाईडने दोन्ही धबधबे दाखवले. विकला तुम्ही अडीचनंतर पोहोचलात. तिथे जेवण आणि लोकरीच्या स्वेटरची खरेदी यात सव्वा तास गेला. रेनिसफ्याराला पोहोचेपर्यंत चार वाजले, म्हणजे सूर्य मावळून गेला होता. तो किनारा जुहू चौपाटी नाही. तिथे मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी आत येते आणि उभ्या माणसाला ओढून नेते. पर्यटकांचे जीव गेलेत तिथे, म्हणून धोक्याचे दिवे बसवले आहेत. अंधारात लाट दिसत नाही. गाईडने तुम्हाला वाळूवर उतरू दिलं नाही, याबद्दल मी त्याला एका शब्दानेही बोलणार नाही. तुमच्या घरच्यांना उत्तर मला द्यावं लागलं असतं. तिथले ते बेसाल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे, खांब, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे, तुम्हाला नीट बघता आले नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मला स्वतःला सगळ्या देशात तीच जागा सगळ्यात आवडते.

गरम पाण्याला अंड्याचा वास येतो ही तक्रार हॉटेलची नाही. तिथलं गरम पाणी जमिनीच्या पोटातून येतं, त्यात गंधक असतं. थंड नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

'फसवलं' हा शब्द मात्र फार लागला. चौदा वर्षं हे ऑफिस चालवते आहे. 2020 साली सहली रद्द झाल्या तेव्हा एअरलाइनकडून पैसे यायच्या आधी दागिने गहाण ठेवून लोकांचे पैसे परत केले, एकाचेही ठेवले नाहीत. माझ्यासकट चार घरं या ऑफिसवर चालतात. तुमचा अभिप्राय वाचून आज सकाळपासून दोन कुटुंबांनी मे महिन्याच्या बुकिंगबद्दल "विचार करून सांगतो" म्हटलंय.

यापुढे हिवाळी सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत उजेडाचे तास ठळक छापू, आणि रात्रीच्या फोनचीही काहीतरी सोय करतोच आहोत.

स्टार एकच ठेवा, माझी हरकत नाही. फोन न उचलल्याचंही राहू द्या, ते खरं आहे. फक्त तेवढा एक शब्द काढता आला तर बघा. ऑफिसला कधीही या, गाईडचे मेसेज वेळेसकट दाखवते.

आपली,
संचालिका, दादर पश्चिम