ट्रक रेल्वे पुलाखाली अडकला, तर आधी हवा सोडू नका

पुलाखाली ट्रक अडकतो, मोठमोठे इंजिनिअर डोकं धरून बसतात, तेवढ्यात एक शाळकरी पोरगा म्हणतो, "काका, चाकांतली हवा सोडा की!" ट्रक सुटतो. ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरते आहे. आता तिला शेपूट जोडलंय: रेल्वेचा पूल असला तरी हेच करा, कोणाला कळवत बसू नका, नाहीतर फुकट दंड बसतो, पुलाला काही होत नाही, आणि मुळात चूक रेल्वेची, पूल उंच का करत नाहीत, उंचीचे फलक धड का नसतात, पुलाआधी लोखंडी कमान लावून ड्रायव्हरला का छळतात? माझा भाचा कंटेनर चालवतो. त्याने हा मेसेज पाठवला आणि वर लिहिलं, "मामा, कामाची माहिती आहे." म्हणून गप्प बसवत नाही.

"पुलाला काही होत नाही" हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, वरून येणारं आगगाडीचं वजन पेलण्यासाठी बसवलेला असतो, बाजूने बसणारा दणका खाण्यासाठी नव्हे. भरलेला ट्रक आदळला की गर्डर बेअरिंगवरून, म्हणजे ज्या आधारावर तो टेकलेला असतो त्यावरून, सरकू शकतो आणि त्याच्याबरोबर रूळही. खाली उभ्या ड्रायव्हरला फाटलेलं टप दिसतं; वरचा रूळ सरळ आहे की वाकडा, हे त्याला खालून कळूच शकत नाही. ३१ डिसेंबर १९७५ ला आयर्लंडमध्ये गोरी गावाजवळ हेच झालं. ट्रकवर लादलेलं खोदकामाचं यंत्र रेल्वे पुलाला आदळलं, पूल खिळखिळा झाला आणि थोड्याच वेळात रॉसलेअरहून डब्लिनकडे निघालेली प्रवासी गाडी त्यावर आली. गाडी घसरली, पाच माणसं मेली. गाडीतल्या कोणालाही खाली काय घडलंय याची कल्पना नव्हती. आता सांगा, हवा सोडून गुपचूप निघून जाणारा हुशार की गुन्हेगार? दंड वाचवायला नंतर पुलावर येणाऱ्या आगगाडीतली माणसं पणाला लावायची?

हवा सोडण्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करतो. अडकलेली गाडी काढणारे लोकही कधीकधी टायर उतरवतात. पण आधी रेल्वेची माणसं पूल बघतात, वरची वाहतूक थांबलेली असते, मग. शिवाय गोष्टीत सांगतात तितकं ते सोपं नाही. ट्रक पुलाखाली घुसतो तेव्हा पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दबलेले असतात. हवा सोडली की दबलेले पाटे पुन्हा वर उठतात आणि मिळालेल्या इंचांतले काही तिथेच गेले. वर हवा नसलेल्या चाकांवर भरलेली गाडी हलवायची म्हणजे टायर रिमवरून निसटणार, आणि एका बाजूची हवा जास्त गेली तर गाडी कलणार. "माल उतरवा" असंही त्यात लिहिलंय. माल उतरवला की पाटे मोकळे होऊन गाडी उलट वर येते! येताना भरलेला ट्रक सुखरूप गेला आणि परतताना रिकामा अडकला, ते याचमुळे.

कंटेनरवाल्यांनी तर आणखी जपायला हवं. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच, 'हायक्यूब' नावाचा उंच कंटेनर साडेनऊ. ट्रेलर तोच, रस्ता तोच, उंची एक फूट जास्त. हायक्यूबच्या वरच्या कडेला पिवळे-काळे पट्टे असतात, उंचीही लिहिलेली असते. निघण्याआधी बघायचं ते हे.

"पूल उंच का करत नाहीत?" रेल्वेला चढ फार हळूहळू द्यावा लागतो. शंभरास एक चढ धरला, तरी एक मीटर उंचीसाठी दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर रूळ उचलावे लागतात. अमेरिकेत डरहॅमचा ११ फूट ८ इंच उंचीचा रेल्वे पूल ट्रकांची टपं सोलण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला. खालून सांडपाण्याची मोठी वाहिनी जात असल्याने रस्ता खोदता येईना. शेवटी २०१९ मध्ये पूल आठ इंच उचलला. ट्रक त्यानंतरही आदळतातच. आपल्याकडे रस्ता खाली घेतला तर पावसाळ्यात तिथे तळं साचतं, ते वेगळंच.

उंचीच्या फलकांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. फलकावर आकडा जुनाच राहतो आणि खाली डांबराचे थर चढत जातात. कुठे फलक फ्लेक्सच्या मागे गडप झालेला. हे रस्तेवाल्यांचं आणि रेल्वेचं काम आहे आणि ते होत नाही. पण म्हणून पुलाआधीची लोखंडी कमान "ड्रायव्हरला छळायला" लावलीय म्हणणं चूक. टप तिथेच घासलं तर पूल वाचतो.

भाच्याला सांगितलंय तेच इथे लिहितो. अडकलास तर रेस देऊ नको, रिव्हर्सही मारू नको. इंजिन बंद कर, खाली उतर, मागची वाहतूक थांबव. पहिला फोन १३९ ला, रेल्वेला. दुसरा ११२ ला. पुलावर रंगवलेला नंबर वाचून सांग, नसेल तर जवळचं स्टेशन सांग आणि "पुलाला गाडी धडकली आहे, वरच्या गाड्या थांबवा" एवढंच स्पष्ट बोल. मालकाला फोन त्यानंतर.