मासोळीला कोणतं पाणी?

काचेची टाकी, एअर पंप, रंगीत गोटे आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा मगर, एवढं सगळं तालुक्याच्या गावी एका दुपारात मिळतं. पाणी मात्र गावातलंच घ्यावं लागतं, आणि तिथे मासे पाळणं संपून ग्रामपंचायत सुरू होते.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ ५६ लिटर मावतं. गोटे आणि वरची मोकळी जागा सोडली की ४५. आठवड्याला त्यातलं पाव बदलायचं, म्हणजे जेमतेम एक बादली. पण मे महिन्यात ती बादली घेऊन अंगणातून चालून दाखवा. "आमाले प्याले पानी नाही, अन् याच्या मासोळ्याईले आंघोळ पायजे!" काढलेलं पाणी वांग्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं, वांगी खूश होतात. शेजारच्या काकू होत नाहीत.

नळ येतो दोन-चार दिवसांआड. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, कधी पडतच नाही, कधी मागची थकबाकी धरून पडते. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही मारतो. म्हणजे कल्ल्यांतून वाचलेला मासा पुढे अमोनियाने जातो. पाणी उघड्या टबात एअर पंप लावून २४ तास ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा आणि दहा लिटरला १ मिली टाका. वास नाकात जात असेल तर २ मिली. शंका राहिलीच तर गावच्या जलसुरक्षकाकडून क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब मागा. वेगळ्या काढलेल्या नमुन्यात पिवळा रंग आला, तर क्लोरीन अजून आहे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, पण प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेही दिवसभर बुडबुड्यांत ठेवावं. लोह असेल तर तेवढ्यात गढूळ-पिवळं होऊन खाली बसतं. खरा प्रश्न जडपणाचा. त्यासाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरपेक्षा मी स्वयंपाकघरावर जास्त भरवसा ठेवतो: मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. तिथे गप्पी, मोली, प्लॅटी आणा. त्यांना ते मानवतं. मऊ पाण्यातला निऑन टेट्रा दुकानातच बघून यावा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर मोलीपलीकडे फार स्वप्नं बघू नयेत.

मग कोणीतरी 'आरो'चा कॅन सुचवतो. नुसत्या आरोच्या पाण्याला क्षारांचा आधार नसतो, त्यामुळे पीएच अचानक घसरतो. मिसळून वापरा: ९०० टीडीएसचं बोअर आणि ५० चं आरो निम्मं-निम्मं केलं की ४७५ येतं. हिशोब चोख, पण लगीनसराईत गावातले सगळे कॅन मांडवात जातात. त्या आठवड्यात नुसतं बोअरचं पाणी टाकलं, तर क्षारांच्या त्या झटक्यानेच मासे आडवे होतात. म्हणून जे पाणी बारा महिने मिळेल तेच धरायचं आणि त्याला सोसतील असे मासे आणायचे. मासा 'चांगल्या' पाण्यापेक्षा कालच्यासारख्या पाण्यात जास्त जगतो.

भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव) जवळ असतो आणि पाणी फुकट. त्यासोबत माशांच्या अंगात रुतणारा अँकर वर्म हा परजीवी आणि पिल्लं फस्त करणाऱ्या चतुराच्या अळ्याही फुकट येतात. गढूळपणावर तुरटी फिरवू नका. पीएच उतरतो, आणि अॅल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं.

उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचं पाणी पहाटे काढावं. दुपारी त्यात चहापत्तीच टाकायची बाकी असते. जुन्या-नव्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक नको. कूलरच्या टपातलं पाणी थंड असतं म्हणून मोह होतो, पण उडून गेलेल्या पाण्याचे सगळे क्षार तिथेच साठलेले असतात.

आणि बादली स्वतंत्र हवी. कपाशीच्या फवारणीला वापरलेली बादली कितीही विसळली तरी नाही. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा अंशही माशांना पुरतो. माशांच्या बादलीवर ऑइल पेंटने मोठा मासा काढा. तरी ती कोणाच्या तरी लग्नात वरण वाढायला जाईलच. परत आली की तेलकटपणा जाईपर्यंत गरम पाण्याने आणि मिठाने घासा, साबण लावू नका.