बहादूरशहा जफर यांची कबर रंगूनमध्येच आहे

‘शेवटचे मुघल बादशहा बहादूरशहा जफर यांच्या अस्थी रंगूनहून आणून दिल्लीत मेहरौलीला पुरल्या’ असा मेसेज फिरतोय. तसं काही झालेलं नाही.

मेहरौलीत जफर यांनी स्वतःसाठी जागा राखली होती, ती आजही रिकामी आहे. गोंधळ बहुधा तिथूनच. ७ नोव्हेंबर १८६२ ला ते रंगूनमध्ये (म्यानमारमधलं आजचं यांगून) इंग्रजांच्या कैदेत वारले. इंग्रजांनी त्याच दिवशी दफन उरकलं आणि माती सपाट करून वर हिरवळ बसवली, खूणच राहू नये म्हणून! पहाऱ्यावरच्या कॅप्टन डेव्हिसने हे स्वतः लिहून ठेवलंय. १९९१ मध्ये तिथे खोदकामात विटांची कबर सापडली. जफर यांचा दर्गाही तिथेच आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आधीच पाठवला असेल तर त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.