फ्लेक्सवरचा कान

आज सकाळी दूध आणायला गेलो, तर चौकात नवा फ्लेक्स. 'मतदार बंधू-भगिनींचे मनःपूर्वक आभार.' वर आमच्या पॅनेलचे तीन विजयी चेहरे, खाली 'विशेष परिश्रम' या मथळ्याखाली एकतीस कार्यकर्ते. मोजले मी. त्यात आमच्या पॅनेलच्या नेत्याचा, म्हणजे दादांचा, भाचाही आहे. हा गृहस्थ सगळ्या प्रचारात एकदाच ऑफिसात आला होता, विसरलेली गाडीची किल्ली न्यायला. त्याच्या खांद्यामागून एक कान डोकावतोय. तो माझा.

आईला फोटो दाखवला, तर म्हणाली, "कशावरून तुझा?" आता स्वतःच्या कानाचा पुरावा काय देणार? पाळीवर तीळ आहे माझ्या, पण नेमकं तिथेच फ्लेक्सला दोरी ओवायचं भोक पाडलंय.

तर, पुणे महापालिकेची निवडणूक. बारा दिवस मी गळ्यात उपरणं घालून कोथरूडमधले जिने चढलो. का, ते विचारू नका. कॉलेजातल्या एका मित्रानं 'एक्स्पोजर मिळेल' असं सांगितलं होतं. मिळालं ते कानाला. पैसे घेऊन आलेल्या पोरांना रात्री बिर्याणी आणि आम्हा निष्ठावंतांना वडापाव, तोही चटणी संपल्यावर.

तिसऱ्या दिवशी एका बिनलिफ्टच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. वय चौऱ्याऐंशी, हे मला यादीतून माहीत होतं. मी पाठ केलेलं सुरू केलं, "नमस्कार आजी, आपल्या प्रभागातून..."

"उंच आहेस रे," आजी म्हणाल्या. "चपला काढ आणि आत ये."

आत माळ्याखाली स्टूल तयार होतं. म्हणजे माझी नव्हे, कुठल्याही उंच माणसाची वाट बघत होतं. "वरती बंब आहे. तेवढा खाली काढ."

तांब्याचा बंब! घरात गीझर, बाथरूममध्ये सोलरचा नळ, आणि माळ्यावर आख्खा बंब. मी तो छातीशी कवटाळून, आयुष्यभराची धूळ खात खाली उतरवला. आजींनी चष्मा लावला, बंबाभोवती एक फेरी मारली, तोटी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "हं. आहे."

"म्हणजे?"

"काही नाही रे. सून म्हणत होती विकला. म्हटलं, बघावं."

पाणी मागितलं, ते मिळालं. मग मी चिकाटीनं पत्रक काढलं आणि समजावू लागलो. आजी, आपला प्रभाग चार जणांचा, म्हणजे चार मतं द्यायची. अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. चारही ठिकाणी बटण दाबायचं आणि चारही ठिकाणी आपलंच चिन्ह.

"माझं वाटप झालंय," आजी म्हणाल्या. "परवा ते दुसरे आले होते, त्यांनी ट्यूब बदलली. पांढरं त्यांना. मग एक मुलगी आली, तिच्याकडून बारा सुया ओवून घेतल्या. गुणी हो! गुलाबी तिला. काल एकानं सिलिंडर हलवून दिला, त्याला पिवळं. आणखी एक आला होता, पण तो नुसताच विकासावर बोलून गेला. त्याला काही नाही. निळं शिल्लक आहे, ते तुला."

मी म्हटलं, आजी, असं नसतं. म्हणाल्या, "मग कसं असतं?" आणि खरं सांगतो, मला उत्तर सुचेना. बारा दिवसांत मी दादांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही नक्की करणार काय आहात. आजींच्या पद्धतीत निदान ट्यूब तरी लागली होती.

"तू कुणाला देणारेस?" त्यांनी विचारलं.

इथे माझी दुखरी नस. माझा जन्म ऑगस्ट २००७चा. मतदान १५ जानेवारी २०२६ला, म्हणजे तोवर मला अठरा पूर्ण होऊन पाच महिने झालेले. पण मतदारयादी धरली १ जुलै २०२५ची. दीड महिन्यानं हुकलो. मागची निवडणूक २०१७ची, तेव्हा मी चौथीत होतो. २०२२ला मुदत संपल्यावर पावणेचार वर्षं नुसता प्रशासक. इतकी वर्षं कुणाला घाई नव्हती, ती नेमकी माझ्याच वाढदिवसाच्या बाबतीत झाली. नियम म्हणून असेल बरोबर, पण १६५ नगरसेवक निवडायचे, त्यांच्या स्लिपा घरोघरी वाटायला मी चालतो आणि बटण दाबायला चालत नाही!

"माझं मत नाहीये, आजी."

"मग तू कशाला फिरतोयस रे उन्हातान्हात?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, जसा अनाथ मुलांशी बोलताना होतो. "आणि आमच्या वेळी एकवीसचं होतं. त्या हिशेबानं तू अजून लहानच."

तेवढ्यात बूथप्रमुखांचा फोन आला, "कुठे मेलास?" आणि मी पळालो.

निकाल तुम्हाला माहीत असेलच. आमच्या पॅनेलचे तिघे आले, ड गटाचा पडला. निळा. म्हणजे बारा दिवसांत मी खात्रीनं मिळवलेलं एकमेव मत पडलेल्या उमेदवाराला गेलं. फ्लेक्सवर तोही नाही. त्याचा तर कानसुद्धा नाही.

दूध घेऊन परतताना आजी गॅलरीत दिसल्या. लांबूनच त्यांनी बोट दाखवलं. मतदानाच्या वेळी लावलेली मार्करची खूण केव्हाच पुसली गेली होती. "निळं तुलाच दिलं हो!" त्या ओरडल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या फ्लेक्सपेक्षा जास्त बरं वाटलं.

"आणि काय रे," आजी कठड्यावरून वाकल्या, "बंब अजून हॉलमध्येच आहे. पुढची निवडणूक कधी?"