‘घुशी तर वाढतातच आहेत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ऐरोलीच्या ताई, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप असा: कुरतडणाऱ्या प्राण्यांवरच्या लेखात, गटात राहिलं तर दर मादीमागे बऱ्याचदा कमी पिल्लं वाढतात असं मी लिहिलं, पण तुमच्या सोसायटीच्या कुंपणालगत घुशींची टोळीच आहे आणि पैदास वाढतेच आहे, मग चिली-अर्जेंटिनाचे दाखले काय कामाचे?

एका जागेत एकूण किती पिल्लं झाली आणि एकेका मादीच्या वाट्याला किती आली, हे दोन वेगळे आकडे. समजा, एका बिळात ५ माद्या मिळून १५ पिल्लं वाढवतात आणि शेजारची एकटी मादी ४. नजरेत १५ भरतात, पण मादीमागे हिशेब ३ आणि ४ असा लागतो. अर्जेंटिनातल्या टुको-टुको या बिळात राहणाऱ्या प्राण्यावर संशोधक आयलीन लेसी यांनी २००४ मध्ये नेमकं हेच मांडलं: आईच्या बिळात राहिलेल्यांपेक्षा एकट्या माद्यांची मादीमागे जास्त पिल्लं दूध सुटेपर्यंत जगली.

हे मोजणं मात्र किचकट आहे. चिलीतल्या देगूंचंच घ्या, हेही बिळात राहणारे कुरतडणारे प्राणी. दिवसा कोण कोणाबरोबर चरतं यावरून गट ठरत नाही. रात्री कोण कोणत्या बिळात झोपतं ते बघावं लागतं. म्हणून माद्यांना रेडिओ कॉलर घालून रात्री त्यांची जागा नोंदवतात आणि पहाटे बिळांच्या तोंडाशी सापळे लावतात. पिल्लं मोजायची ती बाहेर येतील तेव्हाच. बिळातच मेलेली कधीच हिशेबात येत नाहीत. शिवाय माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, त्यामुळे पिणाऱ्या पिल्लावरून आई ओळखता येत नाही, डीएनए तपासावा लागतो. तो न तपासता नुसती सरासरी काढली, तर एकीची सहा आणि दुसरीचं एकही नाही, हे झाकलं जातं. माझ्या लेखात हे यायला हवं होतं. तेवढी तुमची तक्रार रास्त आहे.

तोटा असूनही गट का? एकटं निघायचं तर नवं बीळ खणायचं, तेही शिकाऱ्यांच्या नजरेखाली. आणि तोटा दरवर्षी सारखा नसतो: देगूंमध्ये अन्नाची चणचण असलेल्या वर्षांत गटाचं पारडं जड होताना दिसलं आहे.

आता तुमची टोळी. आपल्याकडची लहान जातीची घूस सहसा एका बिळात एकच प्रौढ असते. मादी असेल तर सोबत तिची पिल्लं. दाणापाणी एकाच जागी मिळालं की बिळं दाटीने होतात, पण शेजार म्हणजे गट नव्हे. खात्री करायची तर संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवा (हातमोजे घालूनच, घुशींच्या मुतातून लेप्टोचा संसर्ग होतो) आणि सकाळी किती उघडली ते मोजा. हा आकडा वापरातल्या तोंडांचा, घुशींचा नव्हे. एका बिळाला अनेक तोंडं असतात आणि घूस स्वतःही आतून माती लावून तोंड बंद करते, म्हणून ताज्या मातीचे ढीगही बघा. कुंपणाजवळचा ओला कचरा उघडा राहिला, तर प्रत्येक मादी वेगळी राहूनही बिळं वाढतच जातील.