हा नोट चमकून राहिला भाऊ

परवा संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच पैशाच्या दिव्याखाली, माझीच पाचशेची नोट नकली ठरली.

ठरवणारे आमच्या सोसायटीचे खजिनदार काकाजी. दुसऱ्या मजल्यावर राहतात. इतवारीतलं धान्याचं दुकान मुलाकडे गेल्यापासून मोजायला काही उरलं नाही, म्हणून आता आमचा मेंटेनन्स मोजतात. मी नोट दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरली, अंगठ्यानं चोळली, आणि काही न विचारता चार पावलं चालत जाऊन माझ्या प्रवाळाच्या टाकीवरच्या दिव्याखाली नेली.

"हा नोट चमकून राहिला भाऊ."

मी तेव्हा खांद्यापर्यंत ओला होतो. एका हातात काठीला बांधलेला सेन्सर, दुसऱ्या हातात वही. उजेडाची सत्तावीसपैकी तेरा मापं झाली होती. चौदावं म्हणजे टाकीचा नेमका मध्य, आणि त्याच्या बरोबर वर काकाजींचं डोकं. सावली पडली की ते माप गेलं. पॉलीहाउसवाल्या मित्राकडून मीटर एका दिवसाच्या बोलीवर आणलेला. म्हणजे नोटेची चिंता मला नव्हतीच. मला ते डोकं हलवायचं होतं.

सत्तावीस कशाला, असं वाटेल. टाकी घनाकार आहे. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही छत्तीस इंच. पोटात साडेसातशे लिटरच्या वर जागा, १९ मिलिमीटरची काच, आणि दगड, पाणी, स्टँड धरून वजन टनापलीकडे. (म्हणून तळमजला. घरगुती स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास असतो. वरच्या मजल्यावर घन टाकी ठेवायची हौस असेल त्यानं आधी इंजिनिअरला भेटावं, मग दुकानदाराला.) अशा टाकीत उजेड मोजायचा तर वरून तीन बाय तीनच्या नऊ जागा, आणि त्या प्रत्येक जागी तीन खोल्या: पाण्याखाली सहा इंच, मध्य, आणि वाळू. नऊ त्रिक सत्तावीस.

घन हा आकार दिसायला राजबिंडा आणि उजेडाचा वैरी. चार फुटी लांबट टाकीला दोन दिवे ओळीनं टांगले की काम भागतं. घनात पुढून मागे जेवढं, तेवढंच डावीकडून उजवीकडे, आणि तेवढंच खाली. आधी माझ्याकडे मधोमध एकच दोनशे वॅटचा दिवा होता. त्याच्याखाली फूटभर खोलीवर ३८० आणि कोपऱ्यात ४५. म्हणजे मध्ये एप्रिल, कोपऱ्यात अमावस्या. आणि एकाच ठिकाणाहून उजेड आला की दगडाच्या पलीकडची बाजू कायमची सावलीत. तिथलं प्रवाळ वाळत जातं आणि आपण पाण्याला दोष देत बसतो.

हे आकडे पारचे. पार म्हणजे वडाभोवतीचा नव्हे. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. मोजायचा मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. दुकानदार मात्र 'लिटरला इतके वॅट' असं सूत्र सांगतो. वॅट विजेच्या मीटरला समजतात, प्रवाळाला नाही. मोबाइलवरचं लक्सचं ॲपही इथे उपयोगाचं नाही, कारण लक्स माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतात, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त भाव देतो. निळा दिवा ॲपला अंधूक दिसतो, म्हणून माणूस वाढवत जातो आणि आठवड्याभरात कोरल पांढरं. सेन्सर पाण्यात बुडला की तोही थोडं कमी दाखवतो. त्याचा गुणक मीटरच्या पुस्तिकेत असतो, ती पुस्तिका फेकू नये.

आता चार दिवे आहेत, प्रत्येकी शंभर वॅटचे. वरच्या चौकोनाचे चार समान भाग करायचे आणि प्रत्येक भागाच्या मधोमध एक टांगायचा: काठापासून नऊ इंच, एकमेकांपासून अठरा, पाण्यापासून नऊ-दहा इंच वर. फार खाली घेतले की खाली झळ आणि भिंगावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे. फार वर नेले की निम्मा उजेड दिवाणखान्यात सांडतो. मध्ये चौघांचा उजेड एकावर एक पडतो, म्हणून मध्य नेहमी जड जातो. दिवे इंचभर बाहेर सरकवले तर कोपरे सुधारतात, पण काचेवर शेवाळ धरतं. मी आठ इंचांवर तडजोड केली. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला काही टांगायचं नाही, वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर. स्क्रू ३१६ ग्रेड स्टीलचे. साधा स्क्रू गंजून टाकीत ठिबकतो. तांब्या-पितळेचं तर काहीच टाकीवर नको, प्रवाळाला तांबं विष. वायरी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबत ठेवून मग वर न्यायच्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तरी सॉकेटमध्ये न जाता खाली पडतं. आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. तो नसेल तर पुढचं वाचू नका, आधी तो बसवा.

तर काकाजी.

ते बनियनवर आले होते. आणि ते बनियन पेटलं होतं. खरंच, दुसरा शब्द नाही. माझ्या दिव्यांत ४४० ते ४६० चा निळा आहे आणि थोडा ४०० ते ४२० चा जांभळा. कपड्याच्या साबणात पांढरेपणासाठी जी रसायनं घालतात ती जांभळा उजेड पितात आणि निळसर पांढरा ओकतात. प्रवाळाच्या अंगातली चमकणारी प्रथिनं हेच करतात, फक्त हिरवं आणि नारिंगी ओकतात. त्यामुळे त्या क्षणी खोलीत सगळ्यात तेजस्वी जीव काकाजी होते.

"नोट राहू द्या, हे सांगा," ते वाकून म्हणाले. "हे खाते काय?"

"उजेड."

"उजेड खाते?"

"त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, काकाजी. ती उजेडावर साखर बनवतात आणि बरीचशी प्रवाळाला देतात."

काकाजींनी हिशेब लावला. "म्हंजे भाडेकरू."

"हो."

"अन् भाडं साखरेत."

"हो."

"ॲडव्हान्स?"

मी म्हणालो, तसा व्यवहार नाही. पण उजेड फार झाला की हे भाडेकरू ऑक्सिजनचं विषारी रूप तयार करायला लागतात, मग मालक त्यांना बाहेर काढतो. प्रवाळ पांढरं पडतं ते त्यामुळे. नवे लवकर आले नाहीत तर मालक उपाशी मरतो.

"बराबर हाये," काकाजी म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावरच्या तीनशे दोनचं असंच झालं."

मग त्यांना निळ्याचं कारण हवं होतं. हे मच्छर मारायचं मशीन आहे, असं त्यांनी आधीच दोन जणांना सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, निळा खोल जातो. या शैवालांची रंगद्रव्यंही निळाच जास्त पितात. पांढरा आणि लाल थोडा ठेवायचा तो आपल्या डोळ्यांसाठी.

"मंग गच्चीवर ठेवा ना टाकी. ऊन फुकट हाये नागपुरात."

नागपूरच्या दुपारच्या उन्हात पार दोन हजारांच्या घरात जातो. माझ्याकडच्या मश्रूम नावाच्या मऊ प्रवाळाला ५० ते ७५ पुरतो, झोअँथस आणि लेदर या मऊ जातींना शंभर-दीडशे. फांद्यांचं कठीण प्रवाळ तेवढं दोनशे-साडेतीनशे मागतं. गच्चीवर तर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत सावजी रस्सा तयार.

"कठीणवालं काहून नाही ठेवलं मंग? पैसे कमी पडले?"

हे मात्र लागलं. मी थोडा मोठ्यानं सांगितलं की दगडी सांगाडा करणारं प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातलं सगळं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रपंखे आणि काळं प्रवाळसुद्धा. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. ज्या गावाला उठता-बसता टायगर कॅपिटल म्हणतात तिथे एवढं तरी ठाऊक असावं. कागदाशिवाय समुद्रातून काढलेलं काही कोणी देऊ केलं तर हात मागे घ्यायचा.

"वाघाच्या यादीत," काकाजी म्हणाले, आणि टाकीपासून पाऊलभर मागे सरकले. चौदावं माप मिळालं. १९०. चारही दिवे साठ टक्क्यांवर असताना. कोपरे ११०, वाळू ७५. मी खूश झालो, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी टायमर पाहिला.

"तुमचा सूर्य दुपारी एकले उगवते?"

उगवतो. आणि रात्री अकराला मावळतो. तास एकूण दहा. पहिला आणि शेवटचा चढ-उताराचा, मध्ये आठ तास पूर्ण. प्रवाळ पंचांग पाहत नाही, त्याला रोज एकच वेळ हवी. दिवस उशिरा चालवला की दुपारची खोलीची धग आणि दिव्यांची धग पुरती एकत्र येत नाही. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं, आणि बाहेर ४५. आपल्या उन्हाळ्याची एक मेहेरबानी म्हणजे हवा कोरडी. पाण्यावर दोन पंखे लावले की टाकीचाच कूलर होतो. एक लिटर पाणी उडालं की जवळपास ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. उडालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानं भरायचं, कारण मीठ उडत नाही. जुलैत हवा ओली झाली की ही युक्ती संपते, तेव्हा चिलर. आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी पंप, दिवे नव्हे. अंधारात प्रवाळ एक-दोन दिवस काढतं, ऑक्सिजनशिवाय मासे रात्रसुद्धा काढत नाहीत.

"बिल किती येते याचं?"

दिवसाला तीन युनिट. महिन्याला नव्वद. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तीच चूक झाली. त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागे आकडा टिपला. आमच्या गेटवरचा हॅलोजन सकाळी नऊपर्यंत जळतो, जिन्यातल्या ट्यूबा भर उन्हात चालू असतात, त्याचं बिल सगळ्यांच्या माथी. त्यावर गेल्या दोन मीटिंगांत कोणी तोंड उघडलेलं नाही. माझे तीन युनिट माझ्या मीटरवर, माझ्या खिशातून. ते मात्र टिपून ठेवण्यासारखे. पुढच्या मीटिंगला 'तळमजल्यावरचा निळा उजेड' हा विषय येणार, हे मला त्या पेन्सिलीच्या आवाजावरूनच कळलं. आधी एकदा 'बार उघडला का' असं विचारून झालेलंच आहे.

पूर्वीच्या त्या ३८० च्या चटक्यानंतर पहिल्या दिवशी मी दिवे तीस टक्क्यांवर ठेवले, नंतर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवत साठवर आलो. सहा आठवडे. जास्त उजेडाचा फटका चार दिवसांत दिसतो, कमी उजेडाचा महिन्यानं: मश्रूम ताटासारखं पसरतं, झोअँथसचे देठ माना लांब करतात. उलट आवळून बसले, फिके पडले, तर उजेड जास्त, किंवा पाण्यातलं नायट्रेट शून्यावर गेलंय. आधी ते तपासायचं आणि मग दिव्याला हात लावायचा. सहा आठवडे इतक्या सबुरीनं काढल्यावर त्याच उजेडात कोणी आपली नोट पारखावी, याचं दुःख ज्याला टाकी नाही त्याला कळणार नाही.

"मंग हा नोट?"

मी शेवटी सांगितलं. ती पँटच्या खिशात राहिली आणि मशीनमध्ये धुतली गेली. नोटेचा कागद कापसाचा असतो, तो अशा उजेडात चमकत नाही. चमकतात त्यातले धागे आणि नंबर. पण साबणाचा तो पांढरा पदार्थ कागदात मुरला की सगळी नोट तुमच्या बनियनसारखी होते. शिवाय हे अतिनील नव्हे, जांभळं आहे. नोटा तपासायला हा दिवाच चुकीचा. बँकेत जाऊन विचारा.

"बनियन असली हाये माझं," काकाजी म्हणाले.

मी त्यांच्या हातातली पावती घेऊन दिव्याखाली धरली. साधा छापील कागद. या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्यूबलाइटसारखी पेटली.

"काकाजी, तुमच्या हिशेबानं ही पावती नकली."

त्यांनी पावती पाहिली, नोट पाहिली, आणि मोठ्यानं हसले. खरा दात या उजेडात निळसर उजळतो, बसवलेला बऱ्याचदा काळा राहतो. काकाजींच्या हसण्यात समोरचे दोन दात अचानक नव्हतेच.

नोट त्यांनी परत केली, दुसरी घेतली, ती न तपासता खिशात घातली. उद्या गणपतीच्या वर्गणीचं बंडल घेऊन येतो म्हणाले, सातला, लाइट चालू ठेवजा. मी उरलेली तेरा मापं घेतली आणि सत्ताविसाव्याच्या खाली वहीत लिहून ठेवलं: काकाजी, वरचे समोरचे, दोन.