स्प्रिंग ॲसिडात बुडवण्याआधी: एका ‘घरगुती’ सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या रविवारी खारघरला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या बाल्कनीत कपडे भिजवायच्या निळ्या टबात गाडीच्या दोन कॉइल स्प्रिंग बुडवून ठेवलेल्या दिसल्या. स्प्रिंगच्या वेढ्यांवरून सोड्यासारखे बारीक बुडबुडे सतत वर येत होते, वास नाकाला झोंबत होता आणि कोपऱ्यात संडास धुण्याच्या ॲसिडच्या दोन रिकाम्या बाटल्या आडव्या पडल्या होत्या. “मामा, 40 मिनिटांत बघा कसा गंज सुटलाय,” असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. मी हातमोजे मागून स्प्रिंग बाहेर काढल्या आणि हे कोणी शिकवले असे विचारले, तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला.

सध्या गाडीवेड्यांच्या गटांत फिरणारा तो संदेश आपल्यापैकी अनेकांकडे आला असेल. ‘सस्पेन्शन घरीच नवेकोरे करा, खर्च पाचशे रुपये’ अशा मथळ्याखाली त्यात सहा सूचना आहेत: सगळे भाग रात्रभर संडासच्या ॲसिडात ठेवा, उरलेला रंग गॅसच्या बर्नरवर जाळा, प्रायमरच्या नादी लागू नका, रंग जितका जाड तितका टिकाऊ, रबरी बुश (सांध्यांतल्या रबराच्या गाद्या) काढत बसू नका, आणि शेवटी सगळ्यावर जळके ऑइल फासा. लेखकाचे नाव अर्थातच नाही.

भाचा गेली दोन वर्षे लोटस सेव्हनच्या धर्तीवरची किट कार जोडतो आहे. 1957 साली आलेली ती मूळची ब्रिटिश गाडी सुट्या भागांच्या रूपात विकली जाई, कारण तयार गाडीवर तिथे लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. तिच्या पुढच्या चाकांपाशी झाकाझाकी नसते. विशबोन (चाक धरून ठेवणारे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे दांडे), स्प्रिंग, शॉकअप सगळे उघड्यावर असते. त्यामुळे तिथला रंग उडाला की मालकाला ते रोज डोळ्यांत खुपते. ही हौस मला समजते, आणि घरी रंगकाम करण्यालाही माझा विरोध नाही. माझा राग पहिल्या सूचनेवर आहे, कारण ती जीव घेऊ शकते.

ॲसिड पोलादाला लागले की हायड्रोजन तयार होतो. त्यातला बराचसा बुडबुडे होऊन हवेत जातो, पण काही अणू जोडी जमण्याआधीच धातूच्या आत शिरतात. मऊ पोलादाला त्याचा त्रास झालाच तर तो बहुधा तात्पुरता असतो. स्प्रिंगचे पोलाद मात्र मुद्दाम कठीण केलेले असते आणि अशा पोलादात हा हायड्रोजन ताण असलेल्या जागी गोळा होऊन भेगा पाडतो. ही गोष्ट काल कळलेली नाही. विल्यम जॉन्सन यांनी 1875 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात तिची नोंद आहे. साधी लोखंडी तार दुमडून पुन्हा सरळ करण्याचा प्रकार दोन-तीनदा सहन करत असे; तीच तार काही मिनिटे हायड्रोक्लोरिक ॲसिडात ठेवली की पहिल्याच दुमडीला तुटे, आणि तुटलेले टोक ओले केले की त्यावर फेस येई. संडासच्या बाटलीत असते ते हेच ॲसिड. जॉन्सन काही मिनिटांबद्दल लिहितात, आपला संदेश रात्रभर म्हणतो.

यावर भाच्याने लगेच हरकत घेतली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती: त्याच निबंधात असेही म्हटले आहे की हा ठिसूळपणा कायमचा नसतो, काळ गेला की तारेला बळ परत येते. मग दोन आठवडे थांबून स्प्रिंग बसवली तर काय बिघडले? बिघडते ते असे, की हायड्रोजन निघून गेला तरी तोवर पडलेली भेग भरून येत नाही. शिवाय किती हायड्रोजन उरला आहे हे घरात कळण्याचा कोणताही मार्ग नाही. दुसऱ्या धातूचा मुलामा देतानाही हायड्रोजन असाच आत शिरतो, म्हणून कारखान्यात अशा कठीण मालाला मुलामा दिल्यावर काही तासांच्या आतच तो 190 ते 220 अंश सेल्सिअसच्या भट्टीत जातो आणि पोलादाच्या बळकटीनुसार 8 तासांपासून 22 तासांपर्यंत तिथे राहतो. मुळात स्प्रिंग ॲसिडात घालणे शक्य तिथे टाळलेच जाते.

मी नोकरीची बरीच वर्षे रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-थंडावून कठीण करण्याच्या, कामात काढली. एकदा जस्ताचा मुलामा दिलेल्या स्प्रिंग वॉशरचा एक लॉट भट्टीत न जाताच नटबोल्टाखाली आवळून चाचणीला ठेवला गेला. रात्रपाळीला सगळी यंत्रे बंद असताना त्या फळीवरून मधूनच ‘टक्’ असा आवाज येई. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा एक ‘टक्’. कोणी हात लावलेला नसताना वॉशर एकेक करून तुटत होते. हा दोष असाच उशिराने उघडकीस येतो: बसवताना स्प्रिंग धडधाकट दिसते, सोसायटीतल्या पहिल्या फेरीलाही काही होत नाही, आणि मग एखाद्या दिवशी पाम बीच रस्त्याच्या वळणावर ती जाते.

अर्धसत्य मान्य करायचे तर एवढेच, की ॲसिडाने गंज निघतो आणि साध्या पोलादाच्या पट्टीला किंवा ब्रॅकेटला त्याने हायड्रोजनचा धोका फारसा नाही. पण विशबोन नळ्यांचे जोडलेले असतात. वेल्डच्या फटीतून किंवा छिद्रातून ॲसिड आत गेले की ते धुऊन निघत नाही, आणि बाहेर चकचकीत रंग असलेली नळी आतून कुजत राहते. शिवाय त्या वाफांनी बाल्कनीतल्या ग्रिलवर आणि शेजाऱ्याच्या एसीवर गंज चढतो, तो वेगळाच.

बर्नरची सूचना पहिलीची धाकटी बहीण आहे. पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची पूड भाजून बसवण्याची, भट्टी साधारण 180 ते 200 अंशांना चालते आणि स्प्रिंगला तेवढे सोसते. ज्योतीखाली मात्र एका जागी तापमान कुठवर गेले हे कळत नाही. उघड्या पोलादावर निळी झाक दिसली तर तिथे सुमारे 300 अंश झाले असे समजावे. लाली दिसली तर त्या जागेचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले आणि स्प्रिंग तिथेच दबून बसणार. जुना रंग काढायला रंग उतरवण्याची पेस्ट आणि तारेचा ब्रश पुरतो, किंवा तुर्भे-महापे भागात ब्लास्टिंग (दाबाने खडे-वाळू मारून सफाई) करून देणारे आहेत, त्यांच्याकडे जावे.

प्रायमर नको म्हणणारा माणूस खाडीकाठी राहत नसावा. आपल्याकडे जूनमध्ये घासलेले उघडे पोलाद संध्याकाळपर्यंत तांबूस होते. रंगकामाचा प्रचलित नियम असा की हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी आणि धातू दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरते त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी गरम हवा. हे पाळायचे तर रंगकाम डिसेंबर-जानेवारीत काढावे आणि ब्रश केल्या दिवशीच एपॉक्सी प्रायमर मारावा. हार्डनर घालून मारायच्या टू-के रंगात बहुधा आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. साध्या कापडी मास्कवर तो बाल्कनीत फवारू नये.

जाड रंगाचा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो, पण बोल्ट जिथे आवळला जातो त्या बसक्या जागेवर आणि आट्यांवर रंगाचा थर राहिला, तर तो दाबाखाली हळूहळू सरकतो आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) नेमका आवळलेला बोल्ट काही दिवसांत ढिला पडतो. त्या जागा टेपने झाकाव्यात, एवढे साधे आहे.

बुश न काढता रंगवले तर थिनरने रबर खराब होते. यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही. जळक्या ऑइलचे म्हणाल, तर पाट्याच्या स्प्रिंगच्या जुन्या जीपला पावसाळ्याआधी ते मारण्याची रीत मीही पाहिली आहे आणि गंज त्याने काहीसा थोपतो, हे नाकारत नाही. पण नैसर्गिक रबराचे बुश तेलाने फुगतात, आणि उघड्या चाकांच्या या गाडीत तेच तेल ब्रेकच्या डिस्कवर उडायला वेळ लागणार नाही.

भाच्याने नव्या स्प्रिंग मागवल्या आहेत आणि विशबोनचे रंगकाम हिवाळ्यावर ढकलले आहे. टबातल्या दोन्ही स्प्रिंग भंगारात देण्याआधी मी त्या ग्राइंडरने तीन-तीन ठिकाणी कापून घेतल्या. भाचा म्हणाला, “मामा, अख्ख्या दिल्या असत्या तर भाव जास्त आला असता.” तो भाव देणाऱ्याने त्या पुढे कोणाच्या गाडीखाली बसवल्या असत्या, हे त्याला सांगावे लागले.